सासरची ओळ

मगदूम सर रोज सकाळी सव्वासहा वाजता मिरचीच्या रोपांना केरसुणीनं मारतात.

मी वाढवून सांगत नाही. उचगावच्या आमच्या कॉलनीत नवा भाडेकरू आला की पहिल्या आठवड्यातच तो मला गाठतो आणि आवाज खाली आणून विचारतो, तुमच्या शेजारचे काका बरे आहेत ना? मी सांगतो, बरे आहेत, प्रोफेसर होते. एवढ्यावर बहुतेकांचं समाधान होतं.

मारतात म्हणजे झोडपत नाहीत. जुनी, मऊ पडलेली केरसुणी घेऊन एका ओळीतल्या बारा रोपांच्या शेंड्यांवरून वीस वेळा इकडून आणि वीस वेळा तिकडून फिरवतात. तोंडानं मोजतात. मध्ये कुणी नमस्कार घातला तर मान हलवत नाहीत, कारण आकडा चुकतो. अष्टमी आणि चतुर्दशीला केरसुणीच्या जागी मोरपिसांची जुडी असते. ही सुधारणा पद्माकाकींची, म्हणजे सरांच्या बायकोची. घर जैन. त्या दोन तिथींना काकी हिरवी भाजी चिरत नसत, कारण झाडात जीव असतो. चिरायची नाही आणि मारायची मात्र, हे त्यांच्या मनाला पटेना. मारायचंच असंल तर त्या दिवशी तरी मोरपिसानं मारा, असं त्यांनी सुनावलं. सरांनी ऐकलं, पण वहीत लिहिलं: मोरपीस, धक्का हलका.

सर कोल्हापुरातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. मुलं त्यांना ठिणगी सर म्हणायची. मी इथं राहायला आलो त्या दिवशी सामानाचा टेंपो अजून दारात उभा होता, तेव्हा ते भिंतीपलीकडून म्हणाले, "पावणं, काय करता?" मी म्हटलं, फाउंड्रीत मोल्डिंगला, म्हणजे लोखंड ओतायचे रेतीचे साचे बनवतात तिथं, सुपरवायझर आहे. त्यांना फार आनंद झाला. म्हणाले, म्हंजे तुम्ही पण ऑक्सिजनच्याच धंद्यातले. तुमच्या लोखंडाला जो खातो, तोच माझ्या मिरचीला खातो.

मग कपाट खांद्यावर घेतलेले दोन हमाल आणि मी, अशा तिघांनी उभं राहून पहिलं व्याख्यान ऐकलं. त्याचा मथितार्थ असा. आपण ऑक्सिजनला प्राणवायू म्हणतो ते अर्धंच खरं. पाणी कमी पडलं, ऊन जास्त झालं, वारा लागला किंवा किडीनं चावलं की झाडातला थोडा ऑक्सिजन बिथरतो. बिथरलेला ऑक्सिजन समोर येईल त्याला चावत सुटतो. फार झाला तर पान जाळतो. पण थोडा असला तर तोच पेशीपेशीतून निरोप घेऊन पळतो की बाबांनो, दिवस वाईट आलेत, उठा. मग झाड मूळ खोल घालतं, खोड जाड करतं आणि आग विझवायला स्वतःचे बंब तयार ठेवतं. या बिथरलेल्या ऑक्सिजनला सर ठिणगी म्हणतात. आजकालच्या झाडांना आणि माणसांना ठिणगी लागत नाही, म्हणून त्यांच्यात बंब तयार होत नाहीत, हा सिद्धांत. हमाल म्हणाला, सर, कपाट ठेवू का?

हा सिद्धांत सरांनी पुढं आमच्यावर भरपूर वापरला. माझी स्कूटर चोरीला गेली तेव्हा सगळी कॉलनी हळहळली. सर म्हणाले, ठिणगी पडली, आता मूळ खोल जाईल. माझी रात्रपाळी लागली तेव्हा त्यांनी हात हातात घेऊन अभिनंदन केलं. माझ्या बायकोचा, सुनीताचा, कुकर फुटून छताला डाळ चिकटली, तेव्हा सर डाळ बघून गेले आणि वैनींना काही झालं नाही म्हणजे त्यांच्यात बंब चांगले आहेत असा शेरा मारून गेले. सुनीता चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली, कारण मिरच्या संपल्या होत्या.

कोपऱ्यावरच्या मेडिकल दुकानदाराचीही एक गोष्ट आहे. जखम धुवायला ते फसफसणारं औषध असतं, हायड्रोजन पेरॉक्साइड, ते सर वरचेवर आणायचे. तोही ठिणगीचाच भाऊबंद. पाण्यात अगदी थोडासा घालून त्यात बी भिजवलं की बी दचकून जागं होतं, असं सरांचं म्हणणं. दुकानदाराला हे काय माहीत? त्यानं काही महिने बाटल्या दिल्या, मग एक दिवस काउंटरच्या बाहेर आला आणि सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, सर, एवढी जुनी जखम भरत न्हाय म्हंजे साखर तपासून घ्या. सर म्हणाले, जखम न्हाय, मिरची हाय. दुकानदारानं ते खरं न मानता सरांच्या पायाच्या जखमेची बातमी गल्लीभर केली, आणि काही दिवस लोक सरांच्या चालण्याकडं निरखून बघायचे.

सरांच्या अंगणात मिरचीच्या दोन ओळी. प्रत्येकीत बारा कुंड्या, एकच माती, एकाच जातीचं बी. वहीत त्यांची नावं अ आणि ब. अ ओळीला दोन वेळा पाणी, दुपारी सावलीचं कापड, वाऱ्याला आडोसा. ब ओळीला चौथ्या दिवशी पाणी, दिवसभर ऊन, आणि वर सकाळची केरसुणी. काकींनी पहिल्याच वर्षी नावं बदलली. अ ही माहेरची ओळ आणि ब ही सासरची. कॉलनीतल्या बायकांना ती नावं एका फटक्यात कळली. शेवटी सरांच्याही तोंडात तीच बसली.

दर वर्षी व्हायचं असं. माहेरची ओळ उंच, हिरवीगार, लुसलुशीत व्हायची आणि पहिल्या वाऱ्याला आडवी पडायची. सासरची ओळ बुटकी, जाड खोडाची, आणि मिरच्यांनी लगडलेली. शिवाय तिखट. सर एकेक मिरची वाटत फिरायचे आणि समोर उभं राहून ती खायला लावायचे. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं की त्यांचा चेहरा उजळायचा. काकी म्हणायच्या, सासरची तिखट असणारच, त्यात शोध कसला लावायचा?

जुने विद्यार्थी यायचे, आता स्वतः प्राध्यापक झालेले. वही चाळून म्हणायचे, सर, हे छापा. अकरा वर्षांच्या रोजच्या नोंदी आहेत. सर म्हणायचे, अजून एक हंगाम बघूया. मला वाटायचं, हा माणूस भित्रा आहे. तसं मी सुनीताला बोललोही होतो.

कारण मला अशी एक गोष्ट माहीत होती की जी सरांना माहीत नव्हती, निदान मला तसं वाटत होतं. सुट्टीच्या दिवशी मी दुपारी घरी असतो. जेवण झालं की सर व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत झोपायचे. बरोबर तीन वाजता काकी तांब्याचा तांब्या भरून चवड्यावर चालत बाहेर यायच्या. उजव्या हातात तांब्या आणि डाव्या हातानं उजवं मनगट गच्च धरलेलं, बांगड्या वाजू नयेत म्हणून. सासरच्या ओळीतल्या प्रत्येक कुंडीत पाण्याची एक धार सोडायच्या, तांब्या कठड्यावर पालथा ठेवायच्या आणि तशाच आत जायच्या. एकदा त्यांनी मला बघताना पकडलं. ओठावर बोट ठेवलं. संध्याकाळी आमच्याकडं उकडलेल्या शेंगा आल्या. सुनीताला त्या म्हणाल्या होत्या, "जीव हाय त्यो. बोलता येत न्हाय म्हणून तहानेला ठेवायचा व्हय?"

म्हणजे अकरा वर्षांचा तो प्रयोग मुळातच पाण्यात गेला होता. मला याची गंमत वाटायची. सर तिखट मिरची हातावर ठेवून ताणाचं महत्त्व सांगायचे आणि मागं काकी निर्विकार चेहऱ्यानं तांदूळ निवडत बसायच्या.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी काकी गेल्या. चार दिवस ताप, दवाखाना, आणि संपलं. सरांची एकच मुलगी, स्नेहल, पुण्यात नोकरी करते. ती महिनाभर राहिली आणि अप्पांना घेऊन जायचं म्हणून अडून बसली. सर प्रत्येक वेळी नवं कारण काढायचे. पुढं संक्रांतीनंतर ती पुन्हा आली आणि या वेळी कारणं चालणार नाहीत म्हणाली. तेव्हा सरांनी तिच्यासमोर, आम्हाला साक्षीला बोलावून, अट घातली.

"उन्हाळी लागण करतो. सासरची ओळ फुलली तर मी हितंच. वाळली तर तू म्हणशील तितं येतो. तेवढं तरी शास्त्राला धरून असू दे."

स्नेहल म्हणाली, ठीक आहे. जोतिबाची यात्रा झाली की मी बघायला येते.

मला तिथंच घाम फुटला. काकींचा तांब्या बंद झालेला. ती ओळ चैत्रातल्या उन्हात चौथ्या दिवसाच्या पाण्यावर टिकणं कठीण, हे मला दिसत होतं. सर मात्र आपल्याच सिद्धांतावर विसंबून घर पणाला लावून बसले होते. मला सरांची फार सवय झालीय असं नाही. पण सकाळी सव्वासहाला तो वीसपर्यंतचा आकडा ऐकू आला नाही तर मी पाळीला वेळेवर कसा निघणार, हा व्यवहाराचा प्रश्न होता.

सर सकाळी सातला बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला जातात. त्या वेळेला मी बूट घालून कामावर निघण्याच्या तयारीत असतो. मी भिंत ओलांडून सासरच्या ओळीला पाणी घालायला लागलो. सुनीताला सांगितलं नाही. ती हसली असती.

दीडेक महिना गेला. रोपं आधी तरारली. मग खालची पानं पिवळी पडली, मग वरची लोंबायला लागली. मी पाणी वाढवलं.

यात्रेच्या दोन आठवडे आधी, एका सुट्टीच्या दिवशी सरांनी आम्हा दोघांना अंगणात बोलावलं. समोर एक कुंडी पालथी केली होती. मुळं तपकिरी, बुळबुळीत, आणि वास असा की सुनीतानं पदर नाकाला लावला.

"ही तहानेनं न्हाय मेली," सर म्हणाले. "बुडून मेली."

घाटाकडच्या मलकापूरला पहिल्या नोकरीत असताना तिथल्या पावसात हे त्यांनी ढीगभर बघितलं होतं. पाणी साचलं की मुळाला श्वास मिळत नाही, आणि तिथंही ठिणग्याच उडतात. तहानेनं झाड जळतं तसं बुडूनही जळतं. एवढं शिकवून झाल्यावर त्यांनी वही उघडली आणि शांतपणे वाचायला लागले. सकाळी सात, संभाजीराव, म्हणजे मी. कुंड्यांजवळ बुटाचे ठसे, त्यात फाउंड्रीची काळी रेती. संध्याकाळी सहा, वैनी. सर सूर्यास्ताआधी जेवायला बसतात ती वेळ. पाणी तांदळाचं, कुंडीत दाणे सापडले.

मी सुनीताकडं बघितलं. सुनीतानं माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही एकाच भिंतीवरून उड्या मारत होतो आणि एकमेकांना पत्ता नव्हता.

मी म्हटलं, सर, तुम्हाला माहीत होतं तर अडवलं का नाही?

सर म्हणाले, तिला कधी अडवलं न्हाय, तुम्हाला कसं अडवू?

त्यांनी वहीचं जुनं पान काढून आमच्यापुढं धरलं. अकरा वर्षांपूर्वीचं. तारखेखाली केरसुणीचे आकडे, तापमान, उंची, आणि उजव्या कडेला एक बारीक रकाना: ३.०० तां. तीन वाजता, तांब्या. दुसऱ्या दिवशी ३.०० तां. पान उलटलं, तेच. वही बदलली, तेच. काकी माहेरी गेल्या ते दिवस मोकळे.

"अकरा वर्षं झोपेचं सोंग घ्यालोय," सर म्हणाले. "कंबर गेली त्या खुर्चीत. सांगितलं असतं तर तिनं बंद केलं असतं की. आणि छापलं असतं तर तिचा तांब्या छापावा लागला असता."

सुनीता खाली बघत होती. मी, काहीतरी बोलायचं म्हणून, म्हटलं की मग सासरच्या ओळीला खरा ताण कधी बसलाच नाही. सर म्हणाले, बसला की. माझा ताण आणि तिची धार, असं मिळून मात्रा जुळायची. नुसत्या माझ्या हिशोबानं ही ओळ पहिल्याच उन्हाळ्यात गेली असती. हे त्यांनी अगदी वर्गात सांगावं तसं सांगितलं.

तेवढ्यात मला शेवटचं पान दिसलं. आदल्या दिवसाचं. सकाळी सात, मी. संध्याकाळी सहा, सुनीता. आणि उजव्या कडेला, ३.०० तां.

मी विचारलं, हा तीनचा कुणाचा?

सरांनी वही मिटली. मग म्हणाले, रकाना मोकळा दिसाय लागला.

मला फार वाईट वाटलं. या माणसाला मी भित्रा म्हटलं होतं.

सर पुढं एवढंच म्हणाले की तुमचं दोघांचं पाणी बंद, तीनचं तेवढं माझ्याकडं राहू दे. आम्ही बंद केलं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. बारातली सात गेली. पाच राहिली, पिवळट, बिनफुलाची.

यात्रा झाली. पुढच्या रविवारी दुपारी बाराला स्नेहलची गाडी दारात लागली. सरांनी तिला चहासुद्धा पिऊ दिला नाही. हरलो म्हणाले, बॅग भरून ठेवलीय. बॅग खरंच दारात होती. वरच्या चेनमधून मोरपिसांची टोकं बाहेर आलेली. मी भिंत न ओलांडता, फाटकातून, रीतसर गेलो आणि स्नेहलला सगळं सांगितलं. रोपं सरांच्या सिद्धांतानं मेली नाहीत, आमच्या दयेनं मेली. तीनच्या तांब्याचं मात्र बोललो नाही. ते माझं सांगायचं नव्हतं. तिनं ऐकून घेतलं आणि जेवायला वाढायला आत गेली.

जेवणं झाली. सर खुर्चीत आडवे झाले. मी आमच्या पायरीवर बसलो होतो. आता हे घर बंद होणार, असं मनात धरून. तीन वाजले. स्नेहल चवड्यावर चालत बाहेर आली. उजव्या हातात काकींचा तांब्या. हातात बांगड्या नव्हत्या, घड्याळ होतं. तिनं पाच कुंड्यांत एकेक धार सोडली आणि तांब्या कठड्यावर पालथा ठेवला. तिला हे कसं माहीत, ते मला नंतर कळलं. काकी फोनवर सांगायच्या, तुझ्या अप्पाला रोज तीनला फसवते म्हणून.

सरांचे डोळे मिटलेले होते. पण मी बघत होतो, पापण्या हलत होत्या. ती आत गेल्यावर ते मोठी जांभई देऊन उठले, इतकी मोठी की पलीकडच्या गल्लीत ऐकू जावी. वही घेतली. तिथं ३.०० तां. एवढंच लिहायचं होतं, पण ते लिहायला त्यांना फार वेळ लागला.

स्नेहल चहा घेऊन आली. पुण्याला गेल्यापासून ती आमच्याशी पुस्तकातलं मराठी बोलते. त्या दिवशी कपबशी ठेवता ठेवता म्हणाली, "अप्पा, ठरलं काय होतं? फुलली तर हितं, वाळली तर पुणं. पाच उभी हाईत की अजून. म्हंजे प्रयोग अपुरा हाय."

सरांनी पाच कुंड्यांकडं एकदा नीट बघितलं.

"व्हय की," म्हणाले. "अजून एक हंगाम बघाय लागंल."

त्यांनी उठून बॅगेतनं मोरपिसं काढली आणि जागेवर, खुंटीला, लावली. स्नेहल संध्याकाळी एकटीच गेली. आता महिन्याच्या एका रविवारी येते, निरीक्षणाला. वैशाखात पाचातली दोन रोपं फुलली. सरांनी तिला फोन करून पाकळ्या मोजून सांगितल्या.

मला सुट्टी असली की मी अजूनही दुपारी पायरीवर बसतो. पावणेतीनला सर खुर्चीत डोळे मिटून पडतात. तीन वाजता उठतात, तांब्या भरतात आणि चवड्यावर चालत कुंड्यांकडं जातात. घरात दुसरं कुणी नसतं. उजव्या हातात तांब्या असतो आणि डाव्या हातानं उजवं मनगट गच्च धरलेलं असतं, वाजण्यासारखं त्यावर काहीही नसताना. त्या वेळी मी भिंतीकडं पाठ करून बसतो, आणि जांभई ऐकू आली की मगच वळतो.